सरांना भेटायची तयारी

ज्या माणसाची भर चौकात फजिती व्हावी असं मनापासून वाटतं, त्याच माणसाकडे हात जोडून जागा मागायला जायचं असेल तर तयारी जरा जास्तच करावी लागते. मी ती अख्खी दिवाळीची सुट्टी केली. बरोबरच्या मुली फराळाचे फोटो टाकत होत्या आणि मी आमच्या गोठ्यात म्हशीसमोर उभी राहून इंग्रजीत सांगत होते की सर, तुमच्या कामाने मी फार प्रभावित झाले आहे. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत होती. तिचाही विश्वास बसला नसावा.

जागा होती संशोधनाची. आमच्या मेडिकल कॉलेजात दरवर्षी काही विद्यार्थ्यांना एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली छोटासा अभ्यास करता येतो. थोडं विद्यावेतन मिळतं, शेवटी सगळ्या कॉलेजसमोर तो अभ्यास मांडता येतो आणि पुढे एमडीला जायचं तर त्याचा उपयोग होतो. सर्पदंशावर काम करणारे एकच प्राध्यापक होते, मेडिसिनचे. ते एकच विद्यार्थी घेणार होते आणि सुट्टी संपल्यावर तयारीने येऊन भेटा असं त्यांनी सांगितलं होतं. मला विषयही तोच हवा होता आणि प्राध्यापकही तेच हवे होते. विषय का हवा ते मी कुणालाही सांगितलं असतं. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्याच्या जंगलातली मुलगी, तिला सापाचं औषध शिकावंसं वाटणारच. प्राध्यापक का हवे होते ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आदल्या वर्षी त्यांनी आमच्या वर्गावर सर्पदंशाचा तास घेतला. पडद्यावर एक पाय आला, गुडघ्यापासून पावलापर्यंत. काळानिळा, टरारून सुजलेला, बोटांजवळची कातडी सोललेली. नडगीवर विळ्याच्या जुन्या जखमेचा अर्धगोल वण. तो वण मी ओळखला. आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक मूल त्या पायांवर पालथं घालून न्हाऊ घातलेलं आहे, मीसुद्धा. तो माझ्या आत्तीचा पाय होता. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरात आहे.

फोटोखाली लिहिलं होतं: दवाखान्यात येण्यास उशीर, दोन दिवस. गावठी उपचार, होय. सर पडद्यावर लाल ठिपका फिरवत म्हणाले, "ही जंगलातली माणसं. आधी देवाला कौल लावणार, मग झाडपालेवाल्याकडे जाणार, आणि पाय कुजला की मग आपण आठवणार." वर्ग हसला. माझ्या शेजारची मुलगीही हसली. ती चांगली मुलगी आहे, तिला काय माहीत. मी उठून उभी राहिले नाही. पेनाचं टोपण दातांखाली धरलं आणि ते चेचून टाकलं. त्या दिवसापासून या माणसाला मी सोडणार नाही असं ठरवलं.

कारण दोन दिवस हे धादांत खोटं होतं. आत्तीला चावलं तेव्हा मी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला होते, हॉस्टेलवर. पण घरच्यांनी सांगितलेलं मला पाठ होतं. पावसाळ्याचे दिवस, लावणी चाललेली. सकाळी ती भाताचा तरवा काढायला वाकली आणि बांधावरच्या घोणशीने डाव्या पायाला तोंड घातलं. लगेच तिला डोलीत घातलं आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आत ती शहरातल्या मोठ्या, म्हणजे आता मी शिकते त्याच कॉलेजच्या दवाखान्यात होती. देव नाही, पाला नाही, काही नाही. आणि दोन दिवस लिहिलं म्हणून काय झालं, ते मला मेडिसिन शिकल्यावर कळलं. ही बाई दोन दिवस टिकली आहे म्हणजे विष फारसं नसणार असं धरून ते रात्रभर नुसती सूज बघत बसले. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा विषावरची लस सुरू झाली. जीव वाचला. पायाची बोटं गेली, टाच आखडली. आता ती चालताना एका बाजूला झुकते आणि पावसाळ्यात तिला अंगणसुद्धा ओलांडवत नाही.

माझा बेत असा होता. ही जागा मिळवायची. तोंडावर गोड बोलायचं. आणि अभ्यास मांडायच्या दिवशी, सगळं कॉलेज समोर बसलेलं असताना, तोच फोटो पडद्यावर लावायचा आणि खरं काय घडलं ते एकेक सांगायचं. त्या वेळी सरांचा चेहरा कसा होईल याची मी इतक्या वेळा कल्पना केली होती की कधीकधी त्यांच्या ऐन तासाला मला हसू यायचं. पण त्यासाठी पुरावा हवा होता. म्हणून मी सरांचे छापून आलेले सगळे लेख मोबाइलवर उतरवून घेतले आणि घरी गेले. आमच्याकडे नेटवर्क फक्त टेंबावर, घरामागच्या टेकडीवर, चढलं की येतं.

रामनगरला बस बदलायची असते. बाजारात ट्रक लागलेले, आकाशकंदिलांची दुकानं, फटाके. तिथे उभी असताना आईचा फोन आला, की खोबरं घेऊन ये आणि सरांना काहीतरी न्यायला लागेल ते बघ. सरांना काय न्यायचं हा आमच्या घरातला मोठा विषय झाला होता. वडिलांचं म्हणणं होतं, मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, मधाची बाटली ने. आईला ते पटत नव्हतं, मध सांडतो. मी म्हटलं काही नको. वडील म्हणाले, "आगं, गुरू हाय तुझा तो."

आमची वाडी दिग्गी गावाच्याही पलीकडे आहे. तिथून डांबरी रस्त्यापर्यंत आजारी माणसाला कसं नेतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जाड बांबूला कांबळं बांधतात, ती डोली. निघायच्या आधी रानात जोरात कुकारा घालतात. तो पुढच्या वाडीला ऐकू जातो, ती तिच्या पुढच्या वाडीला देते. मग आमच्या वाडीची माणसं डोली आमच्या शिवेपर्यंतच नेतात. शिवेवर पुढच्या वाडीची माणसं आधीच येऊन उभी असतात. बांबू या खांद्यावरून त्या खांद्यावर जातो, डोली जमिनीला टेकवायची नाही. आणि डोली खांद्यावर असताना कोण, काय, कधी हे विचारायचं नाही. विचारलं की दुखणं मागे लागतं असं समजतात. असं शिवेशिवेने माणूस रस्त्याला लागतं. शेवटी ज्याच्या खांद्यावरून ते उतरतं, तो त्या दिवसापुरता त्याच्या घरचा. पुढचं सगळं त्यानेच निस्तरायचं.

आत्तीला नेलं त्या दिवशी वडील गोव्याला कामावर होते आणि आई घरात आजारी आजोबांपाशी. म्हणजे डोलीबरोबर घरचं कुणीच नव्हतं. पण आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. शिवेवर माणसं असतात.

मी वाडीवाडीने फिरले. कुणाकडे चहा, कुणाकडे पोहे, कुणाकडे नुसतंच बसवून ठेवणं. दिग्गीच्या एका म्हाताऱ्याला मी विचारलं, की आत्तीची डोली तुमच्या शिवेवर कधी आली. तो म्हणाला, "दिवस कासराभर वर आलता. मीच पुढं हुतो." पुढच्या वाडीतली बाई म्हणाली, तेव्हा त्यांचे गडी न्याहारी टाकून उठले होते. त्याच्या पुढच्या वाडीत कुणीतरी भांडण उकरून काढलं, की वासा मी धरलेला का तू. प्रत्येकाला आपला खांदा आठवत होता. मी सगळं मोबाइलमध्ये बोलून ठेवत होते आणि मनात सरांचा एकेक दात पाडत होते. सकाळ, न्याहारी, दुपार, रस्ता. सगळं एकाच दिवसात बसत होतं.

अडलं शेवटच्या खांद्यापाशी. रस्त्यावरून तिला जीपमध्ये घालून शहरात कुणी नेलं आणि दवाखान्यात कोण बोललं, हे कुणाला सांगता येईना. मला तर खात्री होती की कुणी काही बोललंच नसणार. सरांनी त्या रात्री स्वतःच्या मनाने दोन दिवस ठोकून दिलं असणार. आत्तीला विचारलं तर ती म्हणाली, "झालं ते झालं गे. तू आपलं पुस्तक वाच." वर्गातल्या फोटोचं मी तिला सांगितलं नव्हतं. नेहमी सगळं खोदून विचारणारी ही बाई या एका गोष्टीत मात्र टाळाटाळ करते आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

भाऊबीजेला आत्तीचा मानलेला भाऊ आला. रामनगरच्या अलीकडे डांबरी रस्त्याला लागून त्याचं गाव. लाकडं भरायच्या कामावर जातो. दरवर्षी मोटारसायकल जिथपर्यंत येते तिथपर्यंत आणतो, पुढे चालत येतो, आत्तीला लुगडं आणतो. मी बहुतेक दिवाळ्यांना हॉस्टेलवर असायची, त्यामुळे त्याला फार वेळा बघितलं नव्हतं. दवाखान्यात ओळख झालेला कुणी भला माणूस, एवढंच आत्तीने घरात सांगितलं होतं. तो पाटावर बसला. आत्ती ताटात निरांजन लावत होती. त्याने माझी चौकशी केली आणि आईने मोठ्या कौतुकाने सांगितलं, की सापाच्या विषावर अभ्यास करायची जागा आहे, त्यासाठी सरांना भेटायचंय.

"मग मला इचार की," तो म्हणाला. "अक्काला मीच न्हेलतो. आमच्याच शिवंवर डोली उतरली."

मी तिथेच खाली बसले. आत्ती म्हणाली, "अण्णा, टोपी घाल." पण तो सांगायला लागला होता. त्याला त्या दिवसाचा अभिमान होता, तो लपत नव्हता.

"जीपगाडी केली, न्हेली. दारातच इचारलं, तू कोण हिचा? म्हटलं, भाऊ. दुसऱ्याला आत सोडीत न्हाईत तिथं. मग मोठा डाक्टर आला, चष्म्याचा. म्हणाला, दोन दिवस घरातच ठिवलं हुतं, व्हय न्हवं? म्हटलं, व्हय. पाला बांधला असणार, व्हय न्हवं? व्हय. देवाचं केलं असणार? व्हय. त्यानंच इचारलं, त्यानंच सांगितलं. मी आपला व्हय म्हणत गेलो. खाट मिळाली."

चष्म्याचा मोठा डॉक्टर कोण हे मला विचारायची गरज नव्हती. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर सर नव्हते, हा पाटावरचा माणूस होता.

"तुम्हाला ठाऊक होतं का तिला कधी चावलं ते?"

"मला कसं ठावं? डोलीला इचारत्यात काय?"

"मग ठाऊक नाही म्हणून सांगायचं."

"भाऊ म्हणून सांगितलं पोरी. आनि भैनीला कवा चावलं ते ठावं न्हाई म्हणू? हुसकून लावलं असतं मला. मग अक्काचं कोण बघितलं असतं?"

मी त्याला सांगून टाकलं. दोन दिवस म्हटल्यामुळे लस कशी उशिरा लागली, रात्रभर काय झालं, बोटं का गेली, सगळं. पुस्तकात असतं तसं, एकापुढे एक. मला त्याला दुखवायचंच होतं. कित्येक महिने धार लावून ठेवलेला कोयता हातात आणि समोर चुकीचा माणूस, तरी मी तो चालवला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो उठायला लागला.

"पाट सोडायचा न्हाई," आत्ती म्हणाली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. तिचा हात जराही हलला नाही. तो बिचारा खाली मान घालून बसला होता. नंतर त्याने फराळाला हात लावला नाही. आई त्याच्यासाठी डब्यात बांधून द्यायला लागली तेव्हा आत्तीने माझं मनगट धरलं आणि मला मागच्या दारी नेलं.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "मी खाटंवरच हुते, कान हुते मला. त्यो व्हय म्हणाला ते मी ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? ह्यो माझा कोण न्हवं म्हणू? ज्याच्या खांद्यावरनं उतरले त्याला खोटा पाडू?" ती थांबली. दम लागला होता तिला. "तो भाऊ म्हणून उभा ऱ्हायला. त्या दिशी माझं दुसरं कोण हुतं तिथं? त्याचं नाव तिथं तुझ्या कॉलेजात काढायचं न्हाई. काढलंस तर माझ्याकडं परत यायचं न्हाई."

मग मीही रडत रडत तिला फोटोचं सांगितलं. पडद्याएवढा मोठा पाय, खाली काय लिहिलेलं, सर काय म्हणाले ते.

"तोंड दावलं माझं?"

"नाही. नुसता पाय."

"आनि पोरं हसली?"

"हसली."

ती पदराने पायावरची माती पुसत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल सोडून दे. ती म्हणाली, "मग जा तू. चांगली साडी नेस. त्या बाबाशी गोड बोल. गोड बोलून जेवढं कापता येतं तेवढं काप त्याला. अण्णाला मात्र सोड." माझी आत्ती कुणाला क्षमा करणारी बाई नाही. तिला फक्त कुणाचा हिशोब कुणाकडे ते नीट कळतं. माझं तसं नव्हतं. मला त्या माणसाचा राग येतच होता. त्याच्या भोळेपणाचा, त्या व्हय व्हयचा, एवढा मोठा गडी आणि साधं ठाऊक नाही एवढं म्हणवलं नाही याचा.

आणि माझा सगळा बेत मोडला होता. मी टेंबावर जाऊन बसले. खाली भात पिवळं झालेलं, कुणीतरी बांधावर गवत कापत होतं. मी खरं काय घडलं ते कॉलेजसमोर मांडलं असतं, तर सर शांतपणे म्हणाले असते, बघा, ही माणसं खोटंही बोलतात. आणि वर्ग आणखी हसला असता. या वेळी पायाला नाही, पाटावर बसलेल्या त्या माणसाला. आत्तीची ताकीद तर होतीच. म्हणजे हातात पुरावा होता आणि तो काढता येत नव्हता. मी सरांना, त्या माणसाला, शिवेवर न विचारायची रीत घालून देणाऱ्या सगळ्या पूर्वजांना मनसोक्त शिव्या दिल्या. तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

शिव्या संपल्यावर मला सरांचा राउंड आठवला. सकाळी ते वॉर्डात येतात आणि एकेका खाटेपाशी फार वेळ घालवत नाहीत. त्याचं सगळ्यांना कौतुक. "ताप दोन दिवसांपासून, हो ना?" पेशंट म्हणतो, हौदु. "उलट्या नाहीत, हो ना?" हौदु. "गोळ्या घेतल्या नाहीस, हो ना?" हौदु. आमच्या भागात सगळ्यांना दोन्ही भाषा येतात, त्यामुळे कानडीत म्हणा की मराठीत, हो ते होच. आम्हीही वह्यांत लिहून घ्यायचो आणि म्हणायचो, सर काय बरोबर ओळखतात. पेशंटला एखादी गोष्ट त्याची त्याला सांगू दिलेली मी तिथे कधी बघितली नव्हती. आत्तीच्या वेळी जे झालं ते दररोज सकाळी होत होतं आणि मी तिथे उभी राहून माना डोलावत होते.

मग मला हवं ते सापडलं. फोटो नको, आत्ती नको, अण्णा नको. अभ्यास असा मांडायचा: सर्पदंशाचा पेशंट आला की त्याला आणणाऱ्याला नेहमीच्या पद्धतीने विचारायचं ते डॉक्टरांनी विचारावं. मग मी त्याच माणसाला बाजूला बसवून, त्याच्या बोलीत, काय झालं ते सांगा एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवायची. ज्यांच्याबद्दल मागाहून आणखी कुणाला विचारता येईल, त्यांचं खरं काय तेही बघायचं. सरांचं नाव कुठेच घ्यायचं नाही. वर्षभर त्यांचीच उत्तरं त्यांच्याच सहीखाली जमत जातील. इतका सुंदर सूड मला आयुष्यात कधी सुचला नव्हता. मी टेंबावरून पळतच खाली आले आणि म्हशीपुढे नवं भाषण सुरू केलं.

सुट्टी संपल्यावर सोमवारी मी आत्तीने काढून दिलेली निळी साडी नेसून सरांकडे गेले. हातात मधाची बाटली होती. वडिलांनी शेवटी ऐकलं नाही. सरांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि खूश होऊन कपाटात ठेवली. मी प्रभावित झाल्याचं सांगितलं. त्यांच्या लेखांतली वाक्यं त्यांनाच म्हणून दाखवली. ती त्यांना आवडली. मग अभ्यासाचा विषय सांगितला. शब्द एकही चुकला नाही.

सर खुर्चीत मागे रेलले. "छान आहे," ते म्हणाले. "हे कुणी केलेलं नाही. ही माणसं दर वेळी वेगळं सांगतात, हे यातून कायमचं सिद्ध होईल."

मी म्हटलं, "तेच बघायचंय, सर." त्यांना वाटलं मी हसते आहे ती आदराने.

त्यांनी अर्ज पुढे ओढला, पेन उघडलं आणि सही करायच्या जागेवर ठेवलं. मग वर बघितलं. "तू त्याच भागातली ना? मला खरं सांग. तुमच्याकडे आधी घरात ठेवतात, पाला बांधतात, देवाचं करतात आणि मग आणतात. हो ना?"

याला द्यायचं उत्तर माझ्याकडे वर्षभर तयार होतं. वाडीवाडीचं, शिवेशिवेचं, दिवस कासराभर वर आल्याचं. ते घशापर्यंत आलंही. पण पेन कागदावर टेकलेलं होतं आणि माझ्यानंतर बाहेर आणखी मुलं बसली होती. नाही म्हटलं तर त्यांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत. मग सगळं सांगावं लागलं असतं, नाहीतर गप्प बसावं लागलं असतं. सर वाट बघत होते. उत्तर त्यांना माहीतच होतं, फक्त माझ्या तोंडून यायचं होतं.

"हौदु, सर," मी म्हटलं.

त्यांनी सही केली.

बाहेर आले आणि जिन्यात बसले. घरी नेटवर्क नाही, वडील संध्याकाळी टेंबावर जातील तेव्हा बोलणं होणार. तोवर मला थांबवेना. मोबाइलमध्ये त्या माणसाचा नंबर होता, भाऊबीजेला आईने घालून ठेवलेला. मी लावला. मागे ट्रकचा आवाज येत होता.

"काका," मी म्हटलं. यापूर्वी मी त्याला कसलीच हाक मारली नव्हती.

"बोल पोरी. मिळाली काय जागा?"

मी त्याला सरांनी काय विचारलं ते सांगितलं आणि मी काय म्हटलं तेही सांगितलं.

"म्हंजे मिळाली न्हवं?" तो म्हणाला.

"मिळाली."

"मग? मला बी तवा खाट मिळाली हुती."

त्याने ते टोचून म्हटलं नव्हतं. माझी समजूत काढत होता. मी फोन ठेवला आणि तिथेच तोंड दाबून रडले. येणारी-जाणारी मुलं बघत होती. मग तोंड धुतलं. त्या माणसावरचा माझा राग त्या जिन्यातच संपला. पण तो वाया गेला नाही, सगळाच्या सगळा सरांकडे वळला.

आता माझं टेबल कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात आहे. साप चावलेलं माणूस येतं, सर किंवा त्यांचे शिकवलेले डॉक्टर त्यांच्या पद्धतीने विचारून जातात, आणि मग ज्याने आणलं तो माझ्यासमोर येऊन बसतो. मी विचारते, काय झालं. आधी बहुतेकांना कळतच नाही की आता आपण बोलायचं आहे. मग ते बोलायला लागतात. सर अधूनमधून टेबलापाशी थांबतात, माझ्या कागदांकडे न बघता माझ्या खांद्यावर थोपटतात आणि विचारतात, "दर वेळी वेगळं सांगतात, हो ना?"

मी म्हणते, हौदु, सर. आणि लिहीत राहते.